उलट्या अक्षरांचा हंगाम

कापसाची पहिली गाडी बाजारात आली की मला दुकानात बसल्या बसल्या कळतं. आधी नाकात हुळहुळतं. मग समोरच्या विजेच्या तारेवर एक पांढरा धागा अडकलेला दिसतो. दुपारपर्यंत त्याला सोबती मिळतात, आणि संध्याकाळी रस्त्याकडेच्या बाभळींचे केस पिकल्यासारखे दिसतात. आमच्या आदिलाबादेत आधी कापसाची ही उडती रुई येते, थंडी तिच्या मागून येते.

आज सकाळी रुईबरोबर एक पार्सलही आलं. पैनगंगेपलीकडून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं दुकानासमोर गाडी हळू केली, खिडकीतून पिशवी दिली आणि म्हणाला, "बापू, तुमच्या त्या बंद मशीनवाल्याचं सामान." पिशवी उघडायच्या आधीच वास आला. जुन्या रबराचा. आत पुसदच्या एका जुन्या सोबत्याच्या कम्प्युटरची बटणं होती, सगळी एकाच रबरी पट्टीवर, फडक्यात गुंडाळून. बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसली गेली होती. हंगाम आला की ती माझ्याकडे येतात. पुसदवाला आता माझ्यासारखाच म्हातारा झाला, पण त्याचं मशीन चालू आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. रबरी शिक्के करणं हा माझा धंदा. ग्रामपंचायतीचे, पटवाऱ्याचे, जिनिंगवाल्याचे, शाळेच्या हेडमास्तरचे. मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, चारही लिप्यांतले शिक्के मी केले आणि चारींतली एकही धड वाचता येत नव्हती तेव्हापासून केले. शिक्क्यावर जागा थोडी असते, म्हणून थोडकं आणि ठासून लिहायची मला सवय आहे. माझी लेक शकू हे वाचून वेलांट्या नीट करील. शब्द माझेच राहतील, तिला तसं सांगून ठेवलं आहे.

आता ज्यानं हे मशीन पाहिलंच नाही त्याला सांगतो. ऐंशी साल उलटून गेल्यावर घरी ठेवायचे छोटे कम्प्युटर निघाले होते. पाटीएवढी काळी पेटी, वर रबराची बटणं. पडदा म्हणून घरची टीव्ही जोडायची. आत काही साठत नसे. जे चालवायचं ते कॅसेटवर, गाण्याच्या कॅसेटसारखंच, आणि साधा टेपरेकॉर्डर लावायचा. टेप सुरू केला की असा किर्र आवाज यायचा की आमची ही, म्हणजे शकूची आई, कानावर पदर घ्यायची. तेवढा आवाज संपेपर्यंत गप बसायचं. मधे वीज हलली की पुन्हा पहिल्यापासून.

बाजारातल्या एका बियाणं विकणाऱ्यानं असे दोन घेतले होते. दुकानाचा हिशेब ठेवू म्हणाला. ठेवला नाही. तेवढ्यात कंपनीनं ते मशीन काढायचंच बंद केलं. हैदराबादचा विकणारा त्याला म्हणाला, आता सामान मिळणार नाही, नवीन दुसरं घ्या. बियाणंवाल्यानं दोन्ही पेट्या माझ्यापुढे ठेवल्या. "बापू, भंगार हाय. पोट्टीले खेळाले घेऊन जा."

भंगार. हा शब्द मला आवडत नाही. वस्तू बिघडते हे मला समजतं. पण ती चालत असताना तिला भंगार ठरवायचा अधिकार ज्यानं ती केली त्याला कुठून आला, हे मला आजपर्यंत कोणी समजावलेलं नाही.

शकू तेव्हा सासरहून आली होती. मॅट्रिक झालेली, हुशार, बोलायला कमी. नवऱ्याचं आणि तिचं जमलं नाही. त्यात मी पाणी घालत नाही आणि मीठही. तिनं ते मशीनसोबतचं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीतून टेपचा किर्र आवाज, मग शांतता, मग टकटक. एक दिवस तिनं मला बोलावलं. पडद्यावर एक ठिपका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात होता.

"हे काय करून राह्यलं?" मी विचारलं.

"मी सांगतलं तसं करून राह्यलं, बाबा."

तिच्या सांगण्यानं काही हलतं आहे, हे तिनं बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं. तिच्या तोंडावरून मला ते कळलं. मी खोलीला चुना मारून दिला.

त्या खोलीत तिनं मुलींचा क्लास काढला. भाजीवाल्यांच्या, किराणावाल्यांच्या पोरी यायच्या. कोणी जैनथहून बसनं, कोणी वाडीतून पायी, हातात मेथीचा वास घेऊन. आणि शकूनं नागपूरच्या पेपरात वाचकांच्या पत्रात दोन ओळी टाकल्या: हे मशीन आणखी कोणाकडे आहे का? उत्तरं यायला लागली. नांदेडहून, पुसदहून, चंद्रपूरहून. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या गावात आपण एकटेच वेडे. रविवारी काही जण बसनं यायचे, मांडीवर पेटी घेऊन, लहान लेकरू आणावं तशी. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. नांदेडवाला कॉलेजात शिकवत होता, त्यानं मराठी अक्षरांची कॅसेट केली. इंग्रजी के दाबला की पडद्यावर क. ती पहिल्यांदा चालली तेव्हा चहा गार झाला, कोणी हात लावला नाही.

आमच्यात खरा कारागीर पोचन्ना. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला, घरी तेलुगू, बाजारात हिंदी, माझ्याशी या दोन्हीत मराठी कालवून. हंगामात पाण्याच्या मोटरी सुरू झाल्या, जिनिंगची यंत्रं सुरू झाली की वीज अशी खाली जायची की बल्बची तार नुसती लाल दिसायची. मशीन गपकन बंद. पोचन्नानं ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घेऊन एक डबा केला. वीज गेली तरी मशीन त्यावर चालायचं आणि बारा व्होल्टची छोटी टीव्हीही. असे डबे मग आम्ही नांदेडला, चंद्रपूरला बसनं पाठवले. कंपनीनं जे कधी केलंच नव्हतं ते आम्ही केलं. टेपच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, रुई बसायची तर ती काढायलाही आम्ही काडीला कापूसच गुंडाळायचो, स्पिरिटमध्ये बुडवून. आमच्याकडे कापसानं केलेली घाण कापसानंच निघते.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्या बाया कापसाच्या झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभाताचा निवद दाखवतात, मगच पहिलं बोंड काढतात. शकूच्या आईचं शेत तिच्या भावाकडे भीमपूरला राहिलं. तिनं त्या वर्षी वाटी घेतली आणि सरळ मशीनपुढे बसली.

"अम्मा, दही मत डालो," पोचन्ना ओरडला. "अंदर गया तो मैं नहीं खोलता."

"तुमचं काय जाते?" ती म्हणाली. "माह्या लेकीचं हेच शेत हाय." आणि पेटीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. ते बोट अजून आहे.

त्याच आठवड्यात शकूचे सासरे आले. दौलतराव. पैनगंगेपलीकडचे, पण नोकरी आमच्या बाजूला पटवाऱ्याची झालेली. बोलणं कचेरीचं. वाईट माणूस नव्हता. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते ओट्यावर बसले, पागोट्यावरची रुई झटकली, आणि म्हणाले, "इवाई, आमी जबरदस्ती करून नाही राह्यलो. पण वेचणीले हात पाह्यजेत. घरची सून इथंसा बसून टीव्ही पाह्यते, लोक मले विचारतात, काऊन बाप्पा? मी काय सांगू?"

"सांगा, क्लास चालवते म्हनून."

"ज्या मशीनची कंपनी बंद झाली त्याचा क्लास? तो किती दिवस?"

हे त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. शेवटी शकूच आतून बाहेर आली, हात पुसत.

"मामाजी, तिसऱ्या वेचणीपर्यंत थांबा. तेव्हा क्लास चालू नसंल तं मी पिशवी घेऊन तुमच्यासंगं बसमधी बसीन. चालू असंल तं पुन्हा इचारू नका."

दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "मोहलत मंजूर," ते म्हणाले. जमिनीच्या फेरतपासणीची तारीख द्यावी तसे. "फैसला तिसऱ्या वेचणीले."

मुलीनं आपला जीव अशा पेटीवर लावला जिची बटणं रोज झिजत होती. हे मला माहीत होतं, कारण रबर मला कळतं. वाळलेलं रबर आधी चमक सोडतं, मग त्याला बारीक भेगा पडतात, पायाच्या टाचेला पडतात तशा. पहिल्या वेचणीला एका मशीनची बटणं दबेनाशी झाली. दुसऱ्या वेचणीला थंडी पडली आणि दुसऱ्याची पट्टी उकलली. खालची प्लास्टिकची पातळ झिल्लीही गेली, जिच्यामुळे बटण दाबल्याचं मशीनला कळतं. पोचन्नानं ती उजेडात धरली, चाळणीसारखी.

"बापू, ये तो गया."

"नवीन कर."

"नीचे का मैं करता. पितळ की पट्टी लगाता. ऊपर का रबर कौन करता?"

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या दुकानात बसून हा माणूस विचारतो रबर कोण करणार.

शिक्का कसा होतो ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शिशाची अक्षरं, त्यांना खिळे म्हणतात, ती जुळवायची. ती उलटी असतात. ओल्या प्लास्टरमध्ये दाबली की साच्यात सरळ दिसतात. साचा वाळवून, रबर चिकटू नये म्हणून त्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची, कच्च्या रबराची पोळी ठेवायची, दाबयंत्रात कसून शेगडीवर तापवायची. गंधकाचा असा वास सुटतो की गल्लीतली कुत्री उठून जातात. रबर निघतं ते पुन्हा उलटं, आणि कागदावर मारलं की सरळ. मी आयुष्यभर एकच गोष्ट तपासली: साच्यात अक्षर सरळ आहे ना? असेल तर काम बरोबर.

जुन्या बटणांचा साचा घेतला. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी इंग्रजी खिळा दाबला. हैदराबादहून आणलेलं कच्चं रबर होतं तेवढं सगळं घातलं, दुसऱ्यांदा पुरेल असं मागे राहिलं नाही. शेगडीजवळ शकू, पोचन्ना, शकूची आई, सगळे उभे. पट्टी सोलून काढली तेव्हा ती तलम निघाली, वासराच्या नाकासारखी. एकाही बटणात बुडबुडा नाही. मी पहिल्यांदा ए पाहिला. छान. मग एम. मग टी, मग ओ. सगळी अक्षरं कोरल्यासारखी. मी पट्टी शकूच्या हातात दिली, नवीन पातळ दिल्यासारखी.

तिनं एकेका बटणावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, आर पाह्यला का?"

आर पाहिला. उलटा. एस उलटा, ई उलटा, के उलटा. ज्या अक्षरांच्या दोन्ही बाजू सारख्या, तेवढीच सरळ दिसत होती, आणि माझा हात नेमका त्यांच्यावरच आधी पडला होता. मी बटणं केली नव्हती, बटणांएवढे शिक्के केले होते.

पोचन्ना खाली बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. "बापू, तुम्हारा तो दिमाग भी शिक्का है."

"अक्षर बरोबर हाय," मी म्हणालो. "तुमी उलट्या बाजूनं पाहून राह्यले."

"हाव बाबा," शकू म्हणाली. हसली नाही. तिनं पट्टी पेटीवर बसवली, कडा दाबल्या, आणि टेप लावला.

रबर पुन्हा मागवायला वेळ नव्हता. तिसरी वेचणी आली होती. त्या दिवसांत काय काय ऐकू यायचं ते अजून कानात आहे. जिनिंगची घरघर, बाजारात बैलांच्या गळ्यातली घुंगरं, आणि आतल्या खोलीत पोरी ओळीनं अक्षरं म्हणताना. शकूनं त्यांचं बटणांकडे पाहणंच बंद केलं होतं. बटणांवर फडकं टाकायची आणि म्हणायची, बोटाले माहीत हाय, डोळ्याले काऊन त्रास देता? एक पोरगी म्हणाली, बाई, आमी भाकर थापताना तरी कुठं पाह्यतो. त्या दिवसापासून सगळ्यांचं जमलं.

दौलतराव दुपारी आले. बसमधून उतरले ते सरळ खोलीत. पोरी उभ्या राहिल्या. त्यांनी फडकं उचललं, चष्मा लावला. जन्मभर ज्यानं शिक्के मारले त्या माणसाला एका नजरेत कळलं.

"इवाई, हे तं उलटं हाय."

"हाय," मी म्हणालो.

"अन् ह्याच्यावर चालते?"

"तुमीच पाहा, मामाजी," शकू म्हणाली. "काय लिहू?"

"माहं नाव लिही."

ती बसली. बोटं ठेवली. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. बल्ब लाल झाला आणि विझला. जिनिंगची घरघर बंद झाली तेव्हा कळलं की ती किती वेळ चालू होती. सगळा बाजार एकदम गप. पण आमच्या खोलीत पडदा उजळलेलाच होता. खाली पोचन्नाचा डबा गुणगुणत होता. पोचन्ना दारात उभा, छाती अशी फुगवून की शर्टाची गुंडी तुटेल.

शकू बटणांकडे पाहत नव्हती. पडद्याकडेही नाही. ती सासऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि बोटं आपली चालत होती. खिडकी लावलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत एकेक अक्षर आलं. दौलतराव. मराठीत, काना मात्रेसकट. मग ती थांबली नाही. खाली आणखी एक ओळ आली:

मामाजी, आता चहा घेऊनच जा.

त्यांनी ते वाचलं. ओठ हलवत, सात-बारा वाचावा तसं, शेवटपर्यंत. शकूची पिशवी न्यायला आले होते, ती कुठं आहे हे त्यांनी विचारलंच नाही. स्टूल ओढलं, बसले, आणि शकूच्या आईला म्हणाले, "साखर कमी टाका, बाई."

मी दुकानात गेलो आणि काम नसताना दाबयंत्राचे स्क्रू कसत बसलो. पुढच्या हंगामात दौलतरावांनी आपल्या मोठ्या लेकाची पोरगी क्लासला पाठवली. स्वतः बसमध्ये बसवून दिली. पुन्हा त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांचा पटवारीपणा मी तेवढ्यापुरता मानतो.

आता त्या उलट्या पट्टीचं. नवीन रबर आल्यावर मी कोरी बटणं काढली, एकही अक्षर नाही. अक्षर कसं घालायचं यावर दोन दिवस माझं आणि पोचन्नाचं भांडण चाललं. मग तोड निघाली, पण ती त्याला सुचली की मला यावर तो जिवंत असेतो वाद राहिला. त्या चुकलेल्या साच्यात पुन्हा एक पट्टी काढली, तिची बटणं कापून सुटी केली. आणि ते तर शिक्केच होते. शाई लावून कोऱ्या बटणावर मारले की अक्षर सरळ. चुकीनं जे झालं होतं त्याचं आमच्याकडे हत्यार झालं. नांदेड, पुसद, चंद्रपूर, पुढं पुढं पुण्याहूनही पेट्या यायला लागल्या. एकानं लिहिलं की कंपनीची बटणं इतकी मऊ नव्हती. ते पत्र मी दुकानात लावलं नाही. मला माहीतच होतं.

शाई मात्र बोटांनी पुसते. वापरणारा जितका कामाचा तितकी लवकर. म्हणून दर हंगामात पेट्या परत येतात. पूर्वी टेबलावर मावत नसत, आता एखादीच येते. आजकाल शिक्केही तयार मिळतात, दाबला की आपोआप शाई. माझ्याकडे कोण येतो? पुसदवाला येतो. तेवढ्यासाठी मी शंखजिऱ्याचा डबा भरून ठेवतो.

आता दुपार झाली. पुसदवाल्याची पट्टी समोर आहे. रुई झटकली, स्पिरिटनं पुसली, एकेक अक्षर मारून राह्यलो. डोळा अधू झाला, पण अक्षराला ते कळू देत नाही. संध्याकाळच्या बसनं परत जाईल.

मागच्या खोलीत शकूचा क्लास चालू आहे. आता तिच्याकडे नवे कम्प्युटर आहेत, मोठे, आवाज न करणारे. पण खिडकीजवळ ती काळी पेटी अजून जोडलेली असते, कोपऱ्यावर कुंकवाचं बोट आणि वर माझी पहिली पट्टी. कोरी नवी पट्टी मी तिच्यासाठी किती वेळा करून दिली. तिनं बसवली नाही. या वर्षीच्या पोरींतली एक नवी आहे, तिनं आत्ताच विचारलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं.

"बाई, ह्याच्यावरचे अक्षर उलटे काऊन हायेत?"

टकटक थांबली. मग माझ्या लेकीचा आवाज आला, शिकवायचा, सरळ.

"अक्षर बरोबर हायेत. तू उलट्या बाजूनं पाहून राह्यली."